खड्ड्यांमधले मातीचे खांब

समुद्राच्या बांधामागे ओळीने बत्तीस जुने खड्डे आहेत आणि प्रत्येकाच्या मधोमध मातीचा एकेक खांब. पुरातत्त्व कार्यालयातल्या नकाशेकाकांनी दोन वर्षं ते मोजले आणि निकाल दिला, की इथे पूर्वी मीठ शिजवत आणि खांबांवर भांडी ठेवत. साहेब खूश झाले. सोमवारी तिथे तसा फलक लागायचा होता, काकांच्या नावानिशी.

नकाशा पाहायला साहेब घरी आले, तेव्हा मावशी चहा घेऊन बाहेर आली. आई गेल्यावर काकांना हिनंच वाढवलेलं. आता ऐंशी उलटलेली. नकाशावर वाकून ती म्हणाली, हे तर बांध फुटला तेव्हाचे, आम्हीच... काकांनी तिला पुरतं बोलूही दिलं नाही.

"मावशी, तुला काय कळतंय यातलं?"

साहेब हसले. मावशीही हसली आणि आत गेली.

शनिवारी काका फलकाची जागा आखायला गेले. बांधाची डागडुजी चालू होती आणि काही बायका भरावासाठी माती खणून डोक्यावरच्या पाट्यांतून वाहत होत्या. खड्ड्याच्या मधोमध त्यांनी मातीचा खांब तसाच सोडला होता. काकांनी मुकादमाला कारण विचारलं.

"मजुरीच्या मापासाठी. मूळ जमीन कुठवर होती, हे मागाहून कळणार कसं? खांबाची उंची मोजली की खोली कळते. काका, तुमच्या घरात कुणी माती खणलेली नाही वाटतं?"

काकांचं तोंड एवढंसं झालं. मावशीच्या टाळूवर केस विरळ होते. लहानपणी त्यांनी कारण विचारलं, तेव्हा डोक्यावर पाट्या वाहून वाहून केस गेले, असं ती म्हणाली होती. कसल्या पाट्या, कुठे, हे विचारायचं त्यांना आजवर सुचलं नव्हतं.

घरी मावशी शेंगा सोलत होती. काका जमिनीवर तिच्याशेजारी बसले. दोन-चार शेंगा त्यांनीही सोलल्या.

"खांब मापाचे आहेत," शेवटी ते म्हणाले. "तू सांगत होतीस."

"अरे, मीठ तर मीठ. चारचौघांत तुला खोटं पाडून मला काय मिळणार होतं?"

ती रागावली असती, तर काकांना सोपं गेलं असतं. त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला, फलक थांबवा म्हणाले. साहेब वैतागले. एवढा अहवाल बदलायचा, तो कुणाच्या सांगण्यावरून?

"माझ्या मावशीच्या. तो बांध तिनं बांधलाय." त्या चहा घेऊन आलेल्या, साहेबांनी पलीकडून विचारलं. "हो, त्याच. परवा मी तुमच्यासमोर ज्यांना गप्प बसवलं, त्या."

मावशी शेंगा सोलत राहिली. काकांना तिच्याकडे पाहवलं नाही.