व्हॅनिलाची भाकरी आणि आखाजीचे मांडे

आमच्या घरात माझ्या जिमच्या डब्यांवरून जितकी भांडणं झाली, तितकी लग्नातल्या मानपानावरूनही झाली नव्हती. पंचेचाळिशीत कंबर धरली म्हणून मी जळगावातल्या एका जिममध्ये जायला लागले आणि वर्षभरात चांगली वजनंबिजनं उचलायला लागले. इथवर ठीक. पण तिथला ट्रेनर भारी गोडबोल्या. मी ऑफिसात साहेबाचंसुद्धा ऐकून घेत नाही, पण ह्यानं "मॅडम, तुमच्या मसल्सना हे लागतंच" म्हटलं की मी गार. बघता बघता स्वयंपाकघरातलं अख्खं फडताळ डब्यांनी भरलं. आमचे हे म्हणाले, "खाली मेडिकलच टाकू या का? गिऱ्हाईक तर घरातच आहे."

त्या फडताळापुढे एक दिवस आई येऊन उभी राहिली आणि सगळ्या डब्यांवर हात फिरवत अहिराणीत म्हणाली, "हाई बठ्ठं काय शे व माय?"

आई अमळनेरजवळ आमच्या गावी, दादा-वहिनीकडे असते. तिला चिकनगुनिया झाला होता. ताप गेला, पण जाताना तिच्या हातातलं बळ घेऊन गेला. त्यानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, मी कधी विसरायची नाही. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात आणि मांडे होतात. पुरण भरलेला गोळा पोळपाटावर जरा लाटून दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत पसरायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. आईसारखा मांडा आमच्या गल्लीत कुणाचाच नव्हता. त्या दिवशी पहिलाच मांडा तिच्या हातावर फाटला. तिनं हात पुसले, "मना हातमा आते जोर नही ऱ्हायना" म्हणाली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. जेवलीसुद्धा नाही. मग तिचं खाणं जे कमी झालं ते झालंच. वहिनीचा फोन यायचा, "ताई, काय करू हो, आई नुसती भाकरी चिवडत बसतात." शेवटी दिवाळीनंतर मी गेले आणि तिला उचलूनच आणलं. एसटीत बसल्या बसल्या बजावलं, "येत्या आखाजीला मांडे तूच करायचे." तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

आणलं तर खरं, पण पुढे काय? मला वाटलं, एवढे डबे आहेत घरात, त्यातलं काहीतरी लागू पडेलच. मात्र आई एकेक डबा हातात घेऊन "ह्याचा उपयोग काय?" असं विचारायला लागली आणि माझी बोबडी वळली. चिडून मी सगळे डबे पिशवीत कोंबले आणि आईसकट आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी आधी आईचं रक्त तपासायला लावलं. किडनी उत्तम होती, पण व्हिटॅमिन डी आणि बी-बारा दोन्ही अगदी तळाला. त्याची औषधं त्यांनी मोजून लिहून दिली. मग माझ्या पिशवीत डोकावून त्या हसतच सुटल्या. चरबी जाळायचा म्हणून घेतलेला फॅट बर्नर त्यांनी सरळ टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, मला विचारलंसुद्धा नाही. बीसीएए नावाची निळी पावडर बघून म्हणाल्या, "पोटात रोज पुरेशी प्रथिनं जात असतील तर हे नुसतं रंगीत पाणी आहे हो." व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीचंही तसंच, त्यापेक्षा कपभर कॉफी प्या म्हणाल्या. क्रिएटिन ह्या स्नायूंचा जोर वाढवणाऱ्या पावडरीला मात्र त्यांनी मान दिला. ते खरंच काम करतं, महागही नाही, माझी तब्येत ठीक आहे तेव्हा मी बेलाशक घ्यावं, सुरुवातीला काटा थोडा वर गेला तर ते पाण्याचं वजन समजावं. आईला मात्र सध्या नको. राहिला व्हे प्रोटीनचा मोठा डबा. "हे दुधातलंच असतं. दूध फाटलं की जे पाणी सुटतं ना, त्यातलं. जेवणातून भागत असेल तर गरज नाही, भागत नसेल तर सोय."

हे ऐकून आईचा चेहरा असा फुलला! "आग्ग माय! हाई ते आमनी म्हैस पिये, आनी तू इकत लेस!" डॉक्टरीणबाई नाशिककडच्या, त्यांना मराठीत सांगावं लागलं, की हे तर आमची म्हैस पिते आणि तू विकत घेतेस! मग त्याही लोटपोट. हसून झाल्यावर त्यांनी आईला डाळ, दूध, पनीर खायला आणि रोज हलकी वजनं उचलायला सांगितलं. स्नायूंना काम दिलं नाही तर कुठल्याच डब्याचा उपयोग नाही, हे मात्र त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं.

घरी आल्यावर खरी पंचाईत. आई जेवेना! तिच्या पिढीचा नेम, लेकीच्या घरी पोटभर जेवायचं नाही. "जावईबापूंच्या ताटातलं किती खाऊ?" ह्यांच्यासमोर ती मराठीतच बोलायची. हे हात जोडून विनवायचे, मी ओरडायचे, पण ती आपली अर्ध्या भाकरीवर उठायची. पण पावडर? ती तर औषध! औषधाला कसली आली लाज? सकाळ-संध्याकाळ पेला भरून म्हशीचं पाणी ती गटागट प्यायची. जो डबा मी गरज नसताना घेतला होता, तो बिचारा असा कामी आला.

मात्र औषध चांगलं म्हटल्यावर ते एकटीनं कसं घ्यायचं? एका संध्याकाळी शेवभाजीचा झणझणीत रस्सा होता. ह्यांनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं करून बसले. मी घास घेतला. भाकरीला व्हॅनिलाचा वास! आईनं पिठातच दोन डाव पावडर मळली होती. मी जी भडकले! आई शांतपणे म्हणाली, "जावईबापूंना ताकद नको का?" हे मुकाट्यानं अख्खी भाकरी जेवले. त्या माणसाशी लग्न केल्याचं मला त्या दिवशी फार समाधान वाटलं.

लोखंडी डंबेल तिला आधी हाताला गार लागायचे, म्हणून तिनं त्यांना जुन्या लुगड्याचं कापड शिवलं. टीव्ही बघत ती हात वरखाली करायची, खाटेवरून हात न टेकता उठायची. मी मोजायला लागले की चिडायची. होळीच्या सुमारास पाण्याची घागर तिनं माझ्या हातून हिसकावून घेतली, आणि मी मुद्दाम घेऊ दिली.

आखाजीला आम्ही गावी गेलो. वहिनीनं चूल पेटवली, खापर तापलं. आईनं बाह्या वर सारल्या. मी शंभर वेळा वजनाखाली उभी राहिले असेन, पण एवढी भीती कधी वाटली नव्हती. पहिला मांडा तिच्या हातांवर पसरत गेला, पातळ झाला, कोपरापर्यंत पोचला आणि खापरावर जाऊन पडला. वहिनी ओरडली, "जमलं!" मी भडभडा रडले, लाज कसली त्यात.

दुसरा फाटला. पार मधोमध. आईनं दोन्ही दंड चोळले. वहिनीनं हळूच पोळपाट आपल्याकडे ओढला.

आईनं तो परत ओढून घेतला. "हाऊ फाटेल मांडा मना ताटमा ठेव," ती म्हणाली, "मले भूक लागनी. आनी दुसरा गोळा दे."