अंगणातली खाट आणि न सांगितलेलं दुखणं

परवा भर दुपारी कूलरसमोर डोळा लागला आणि एकदम नागपूरजवळच्या खापरखेड्याचं आमचं अंगण दिसलं... सत्तरच्या दशकातलं. पॉवर हाऊसची कॉलनी, पाणी शिंपडलेली जमीन, ओळीनं टाकलेल्या खाटा.

आमच्याकडच्या उन्हाळ्याला सगळे शिव्या घालतात. मला मात्र नवी नवरी असताना तो फार आवडायचा... कारण उन्हाळाभर घरदार अंगणात झोपायचं, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. आमच्या खोलीची कडी लागायची नाही आणि मला दुखायचं नाही.

हो, तेच दुखणं. नवऱ्याजवळ गेलं की ओटीपोटात खोल कळ यायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. हे बिचारे लगेच बाजूला व्हायचे, पण त्यांचा उतरलेला चेहरा बघून मला आणखी रडू यायचं. वाटायचं, खोट माझ्यातच आहे... एक दिवस मला माहेरी पाठवतील, ते कायमचंच.

मैत्रिणीला हळूच विचारलं तर ती हसली. म्हणाली, होते सवय. मी वाट बघत राहिले... सवय काही झाली नाही.

जूनमध्ये आभाळ भरून आलं आणि खाटा आत न्यायचा हुकूम निघाला. मी आपली माझी खाट धरून उभीच. सासूबाई जवळ आल्या.

"काहून वं? आत झोपाचं भेव लागते का तुले?"

आणि माझा बांधच फुटला. "आई, यांच्याजवळ गेली का मले लय दुखते जी..."

त्यांनी खाट माझ्या हातातून सोडवली, पदरानं माझे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "उद्या नागपूरले जाऊ. डॉक्टरीणबाईले दाखवू."

डॉक्टरीणबाई शांतपणे विचारत गेल्या. सुरुवातीलाच, तोंडाशी दुखतं की आत खोल? पाळीत वाढतं का? अंगावरून पांढरं जातं का? जन्मात मला असं कोणी विचारलं नव्हतं.

तपासून म्हणाल्या, "आत इन्फेक्शन आहे, त्याची सूज आहे. शिवाय दुखेल या धास्तीनं तू अंग आखडून घेतेस, म्हणून जास्तच दुखतं. औषध नवराबायको दोघांनी घ्यायचं, तोवर लांब राहायचं. बरी होशील."

बरी होशील... (आणि झालेही!) बाहेर पडताना पाय जमिनीवर नव्हते. हा आजार होता, माझा दोष नव्हता.

सासूबाई मात्र पायरीवरच थांबल्या. चार लेकरांची आई, केस पिकलेले. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मले वाटे, बाईच्या जातीले हे असंच राहते... मी बी दाखवू का वं?"

मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघी परत आत गेलो आणि या वेळी मीच बोलले...

"बाई, सासूबाईचं बी दुखणं ऐका जी. माझ्याहून लय जुनं आहे."