चिमूटभर मोरचूद

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. आणि आता बोलायला बसलोय, तर आधी गोगलगायींबद्दलच सांगावंसं वाटतंय — माझा भित्रेपणा बघा!

कट्टा गावात आमच्या घराच्या पडवीत माशांची टाकी आहे. आत खऱ्या पाणवनस्पती, गप्पी मासे, इवलाली कोळंबी. टाकीतलं मला फार कळतं असा गावात बोलबाला होता, आणि मला तो आवडायचा. मालवणातून आणलेल्या एका रोपट्याबरोबर गोगलगायींची अंडी आली. बघता बघता काचेवर बोट ठेवायला जागा उरली नाही.

आई जेवणाआधी कावळ्याला घास ठेवते. तशीच चार शितं माशांनाही टाकायची. उरलेल्या अन्नावर गोगलगायी वाढतात, हे मी तिला सांगून थकलो होतो. खाणं कमी करायचं, रात्री काकडीची चकती सोडायची, सकाळी तिला चिकटलेल्या गोगलगायी काढून टाकायच्या — इतकं साधं काम. लोकांना मीच शिकवायचो. पण मला धीर कुठला? पाहुणे यायचे होते, त्यांच्यापुढे टाकी मिरवायची होती.

पोफळींवर फवारायला आणलेलं मोरचूद कोपऱ्यात पडून होतं. गोगलगायी मारायच्या औषधात तांबं असतं, मोरचुदातही तांबंच — मग चिमूटभरानं काय होणार? टाकलं. कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो. गोगलगायी मेल्या होत्या. कोळंबी मेली होती. सगळे गप्पी उलटे तरंगत होते — आणि आई टाकीसमोर जमिनीवर बसली होती.

"माज्या भातान मेले काय रे?"

नाही म्हणायला असा किती वेळ लागतो? मी म्हटलं, "व्हय. तुका कितीदा सांगलंय!" वर आवाजही चढवला, खरं वाटावं म्हणून. ती रडायला लागली. आणि मला काय वाटलं, सांगू? सुटलो, असं वाटलं. लाज नंतर आली.

टाकी मी पुन्हा भरली. आई तिच्याजवळ फिरकत नाही. तेवढ्यावरच राहिलं असतं, तर कदाचित मी विसरूनही गेलो असतो — मी तसाच आहे.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचं उष्टावण झालं. मामानं पहिला घास भरवला. मग सगळे म्हणाले, आता आजी. आई मागे सरली, हात पदराखाली घेतले. "माज्या हातान नको," म्हणाली. "त्याका कळता सगळा. तोच भरवूंदे."

माणसं हसली. त्यांना वाटलं, म्हातारी लाजतेय. आई हसत नव्हती, माझ्याकडे बघत होती. भरल्या घरात तिथंच सांगता आलं असतं.

मी दूधभाताची वाटी हातात घेतली आणि मुलीला भरवलं.