दोनदा भाजलेलं

निजामाच्या राज्यात मी मंठ्याला मास्तर होतो. शिकवायचं उर्दूत आणि पोरांचे कान मराठीत, असा तो मामला. हैद्राबादेत शिकताना हौसेनं घेतलेला एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश माझ्याकडे होता. घरात त्याचा उपयोग फडताळाचं दार लोटून ठेवायला व्हायचा.

त्या साली आईला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती परतेना. भात नको, पेज नको. हाडांवर नुसती कातडी उरली. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बिस्किटं द्या, पोटात काही गेलं नाही तर ही हाती लागायची नाही. त्यात अंडं नसतं, अशी खात्रीही दिली. मी तिथल्याच एका मुसलमान पाववाल्याकडून पुडा आणला.

आई माळकरी. फुटाणे-लाह्या तिला कुणाच्याही भट्टीतल्या चालत, दुधात मळलेली दशमी चाले. पण परक्या हातचं पाणी लागलं की ते बाटलं. बिस्किटाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मी घाबरलो होतो. विद्या कधी नव्हे ती कामाला येईल म्हणून शब्दकोश उघडला. बिस्कीट म्हणजे मुळात दोनदा भाजलेलं. जहाजावरच्या लांबच्या प्रवासात टिकावं म्हणून. मी अर्थ वाचून दाखवला, वर गोऱ्यांची दशमीच ती, अशी वकिलीही केली.

आई उठून बसली. म्हणाली, "दोनदा भाजलं, बराबर हाय. मंग मळलं कशात?"

ते कोशात नव्हतं. मला माहीत नाही म्हटल्यावर तिनं पुडा बाजूला सारला. मरायला टेकलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी माझ्या बायकोनं दुधात कणीक मळून जाड दशमी केली, तिचे तुकडे निखाऱ्यावर पुन्हा भाजले. आईनं एक तुकडा दुधात बुडवून खाल्ला. दुसऱ्या दिवशी मागून घेतला. पुडा मी संपवला. बिस्किटं चांगली होती.

आई हिंडू-फिरू लागल्यावर मी तिला डॉक्टरांना दाखवायला जालन्याला नेलं. परतताना तिनं पाववाल्याचं दुकान दाखवायला सांगितलं आणि सरळ त्यालाच विचारलं, "भाऊ, पीठ कशात मळता?"

मला वाटलं, दुधात म्हणेल आणि मोकळा होईल. तिला बरं वाटलं असतं, त्याचा पुडा खपला असता.

"पानी में, अम्मा," तो म्हणाला. "दूध बोलूं तो झूट होगा."

"खरं सांगितलंस," आई म्हणाली. मग एक बिस्कीट मागितलं, तिथंच मोडून तोंडात टाकलं आणि चावता चावता त्याच्या सुरईकडे बोट केलं.

"लई कोरडं हाय. थोडं पाणी दे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आईनं ओंजळ पुढं केलेलीच होती.