मोकआजींच्या दाराचं कुलूप

बॉक्स हिल या आमच्या उपनगरातल्या बागेत आम्ही इथे स्थायिक झालेले चिनी म्हातारे सकाळी व्यायाम करतो. कुणी दिसेनासं झालं, की आमच्या फाँगकाकू थेट त्याच्या घरी धडकतात. मोकआजी चार दिवस व्यायामाला आल्या नाहीत, म्हणून काकू त्यांच्याकडे गेल्या, तर दाराला बाहेरून कुलूप. आजी खिडकीतूनच कुजबुजल्या, "कुणाला सांगू नकोस गं. मुलाची अब्रू जाईल."

"आणि घराला आग लागली तर?"

संध्याकाळी काकूंनी मुलाला गाठलं.

"आई वाट चुकते. मी दिवसभर कामावर. काय करू?" तो रडवेला झाला.

"आम्हाला सांगायचं! पण कुलूप काढ, नाहीतर मी तक्रार करणार."

त्यानं कुलूप काढलं. आता तो कामावरून येईपर्यंत आम्ही आळीपाळीनं आजींसोबत असतो. आजी काकूंवर अजून रुसलेल्या आहेत, पण व्यायामाला पहिल्या रांगेत असतात.