पाचवी सुपारी

दर रविवारी दुपारी दिवेआगरला आमच्या ओटीवर माणसं मरायची. कागदावर, पण मरायची. माझ्या नवऱ्याचा वर्गमित्र आखातातली नोकरी संपवून परतला, तेव्हा त्याच्या घरच्यांना काही वेगळीच अपेक्षा होती. त्याने आणलं लढाईच्या खेळाचं एक जाडजूड पुस्तक आणि दहा बाजूंचे फासे. खेळात प्रत्येकाने एक लढवय्या व्हायचं, आपण काय करणार ते बोलून सांगायचं, आणि जमलं की नाही ते फाशाने ठरवायचं. हा मित्र सूत्रधार. गोष्ट तो सांगायचा. तिच्यात देव नव्हते, मंत्र नव्हते. तलवार लागली की रक्त जायचं आणि दुसऱ्या दिवशी ताप भरायचा.

खेळणारे आम्ही तिघं. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेली मी कुऱ्हाड चालवायचे. अलिबागच्या कोर्टातला एक कारकून, आमचा जुना स्नेही, बसने येऊन धनुर्धर व्हायचा. प्रत्येक नियमावर त्याचा आक्षेप असायचा. आणि माझा नवरा एक लंगडा, म्हातारा शिपाई. वादळाने आडव्या केलेल्या वाडीत पुन्हा रोपं लावणाऱ्या माणसाला लंगडा शिपाई का व्हावंसं वाटलं, हे मी कधी विचारलं नाही. सूत्रधार मारायचा अदबीने. "वहिनी, तुमचा डावा हात कोपरापासून गेला. आता चहा ठेवलात तरी चालेल."

जखमा मोजायला वाडीतल्या सुपाऱ्या. लागलं की आपल्या कागदावर एक सुपारी ठेवायची, पाच झाल्या की माणूस संपला. व्यवस्थेत एकच चूक होती: अडकित्ता नवऱ्याच्या हातात असायचा. बोलता बोलता तो आपल्याच जखमा कातरून खायचा. कारकुनाने एकदा लेखी आक्षेप दिला. मग सूत्रधाराने खाण्यासाठी वेगळा वाडगा भरून ठेवला, पण नवऱ्याला कागदावरच्याच गोड लागायच्या.

शेवटच्या रविवारी शिपाई चार सुपाऱ्यांवर होता. तापाचा फासा तेवढा टाकायचा राहिला, कारण कारकुनाची बस निघत होती. सहा किंवा वर पडले तर वाचणार, कमी पडले तर पाचवी. बुधवारी नवरा पेपर वाचता वाचता खुर्चीतच गेला. त्याच्यासाठी कुणी फासा टाकला नाही.

दिवसकार्य झालं. भेटायला येणारे मऊ आवाजात बोलायचे. हाल न होता गेला, म्हणायचे. जणू ती त्याची हुशारी. त्याचा कागद चार सुपाऱ्यांसकट मी फडताळात ठेवला होता. महिन्याने सूत्रधार आणि कारकून आले, तेव्हा मीच तो काढला आणि मीच खेळू या म्हणाले. तो शिपाई तरी उठावा, एवढंच मला हवं होतं. पण उगाच उठवलेला नको होता.

सूत्रधाराने पुस्तक उघडलंच नाही. "वहिनी, शिपाई बरा होऊन गावी गेला, असं सांगतो मी. वाडी बघतोय म्हणू."

"त्याचा फासा राहिलाय," मी म्हणाले.

त्याने कारकुनाकडे पाहिलं. नियम तोंडपाठ असलेला कारकून बाहेर माडाकडे बघत होता.

फासा मीच टाकला. तीन पडले.

सूत्रधाराने वाडग्यातली सुपारी उचलून कागदावर ठेवली. याच ओटीवर त्याने कितीतरी माणसं मारली होती, तेव्हा त्याचा हात असा अडखळला नव्हता.

मी उठले. फडताळातून अडकित्ता आणला आणि कागदावरची पाचवी सुपारी उचलली. जन्मात कधी सुपारी खाल्ली नव्हती; नवऱ्याच्या खाण्यावर मात्र बोलले होते पुष्कळ. मला ती धड कातरताही आली नाही. एक मोठं खांड तोंडात टाकलं आणि उरलेली मुठीत धरली.

सूत्रधाराने कागदावरच्या एकेका सुपारीवर बोट ठेवत मोजलं.

"चार," तो म्हणाला.

कारकुनाने चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. "आक्षेप नाही."

सुपारी मला लागली. घाम फुटला, छाती आवळली, डोळ्यांतून पाणी थांबेना. एकाने पाणी आणलं, एकाने साखर. सवय नसली की असं व्हायचंच, यावर दोघं लगेच सहमत झाले. त्यांचं एकमत झालेलं मी त्या दुपारी दुसऱ्यांदा पाहिलं.