गंजीवरची रेंज

कडब्याची गंज कलली तेव्हा माझी नात पूजा तिच्या शेंड्यावर बसून मोबाईलवर नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा देत होती. "आजे, गंज हालतीय," ती वरून म्हणाली. उतरली असती तर रेंज गेली असती आणि तिचं वर्ष वाया गेलं असतं.

चूक आमचीच. इंटरनेटची तार आमच्या बांधाखालून मिरजगावला गेली, तिचा चर खणायला मी स्वतः मजुरीला होते. पण आमच्या वस्तीवर रेंज यायची ती फक्त या गंजीच्या शेंड्यावर. तिची उंची जाऊ नये म्हणून आम्ही म्हशींना पेंढ्या खालूनच उपसून घालत होतो.

मी पळत जाऊन गंजीला पाठ लावली. माझी जाऊ हौसा आली, शेजारचे शकूरभाई आले.

"वहिनी, जोर लावा की. नुसत्या टेकून काय उभ्या?" शकूरभाई मला म्हणाले.

"तुमी दाढीतलं पाचट काढा आधी," हौसा म्हणाली.

आम्ही हसलो की गंज हलायची, आणि वरून पूजा दटावायची, "हसू नका, पेपर चाललाय."

पेपर संपल्यावर ती घसरत खाली आली. आम्ही बाजूला झालो आणि गंज आडवी झाली. पाठ सोलली म्हणून तेव्हा मी पूजाला शिव्या घातल्या होत्या. आज दारावरून कडब्याचा टेम्पो गेला, तो वास आला आणि मला नुसतं हसू आलं.

पूजा आता नगरच्या दवाखान्यात नर्स आहे. हौसा, शकूरभाई आणि मी, तिघंही अजून आहोत.